दारं दुरुस्तीला गेली तेव्हा

"हे चौथं. आता अजून काय न्यायचं राहिलं का बाई?" ज्ञानू सुतारानं विचारलं आणि माझ्या वर्गाचं दार बैलगाडीत आडवं टाकलं.

व्हरांड्यात आम्ही चौघं शिक्षक रांगेनं उभे होतो. लेक सासरी निघाल्यावर घरच्यांचे चेहरे होतात तसे आमचे झाले होते. फरक इतकाच, की लेकीच्या बाबतीत घरच्यांना निदान विचारलेलं तरी असतं. सोनटक्के बाईंनी आम्हाला विचारलं नव्हतं. त्या मुख्याध्यापिका म्हणून रुजू होऊन चारच दिवस झाले होते. ठेंगणी मूर्ती, चष्म्याची एक दांडी दोऱ्यानं बांधलेली, आणि बोलणं इतकं मऊ, की बाईंनी हुकूम केलाय हे माणसाला घरी पोचल्यावर कळायचं. पावसानं दारं फुगलीत, फरशीला घासतात, खालच्या फळ्या कुजल्यात, असं त्या म्हणाल्या. ते अगदीच खोटं नव्हतं. माझ्या वर्गाचं दार उघडायला दोन पोरं आणि माझा एक गुडघा लागायचा.

किती दिवस लागतील, असं शेवाळे गुरुजींनी विचारलं, तर ज्ञानू म्हणाला, आठ. ज्ञानूचे आठ दिवस म्हणजे काय हे सगळ्या तांबडवाडीला माहीत होतं. सरपंचांच्या मुलीच्या लग्नासाठी सांगितलेला पाट त्यानं तिच्या पोराच्या बारशाला आणून दिला होता.

गाडी हलली. चार वर्ग, चार उघडी भोकं. पोरांना मात्र सण वाटला. ती आत-बाहेर, आत-बाहेर करत सुटली.

ही एकोणनव्वद सालची गोष्ट. तांबडवाडी म्हणजे माणदेशातलं आडबाजूचं गाव, आणि शाळा जिल्हा परिषदेची, पहिली ते चौथी. मी सव्वीस वर्षांचा होतो आणि तिसरीचा वर्ग माझ्याकडे होता. दार गेल्याचं दुःख चौघांत मला सगळ्यात जास्त झालं, असं मी त्या दिवशी समजत होतो. कारण त्या दाराआड मी तीन वर्षं एक गोष्ट लपवून ठेवली होती. मला शिकवता येत नव्हतं.

हे मला डी.एड.च्या शेवटच्या सराव पाठात कळलं. त्र्याण्णवला सातानं भागायचं होतं. नवात सात एकदा गेले, उरले दोन, वरचा तीन मी खाली उतरवला. तेवढ्यात पुढच्या बाकावरची एक मुलगी उठून म्हणाली, "गुरुजी, तीन खालीच का उतरतो?" मी तिच्याकडे बघत राहिलो. इतकी वर्षं मी तीन खाली उतरवत आलो होतो, पण का, ते मला कधी कुणी सांगितलं नव्हतं आणि मी कुणाला विचारलं नव्हतं. मागे बसलेल्या परीक्षकांनी वही मिटली. वर्ग हसला. मला नोकरी लागली ती लागली, पण आपण या कामाचे नाही ही गाठ मनात पक्की बसली.

म्हणून तांबडवाडीत मी काय करायचो, तर दार लावून घ्यायचो. पाढे म्हणून घ्यायचो, शुद्धलेखन घालायचो, आणि भागाकाराचा धडा आला की पोरांशी गप्पा मारत बसायचो. तुझ्या म्हशीला काय झालंय, विहिरीत पाणी किती राहिलंय, असल्या गप्पा. आवाज बाहेर जाऊ नये म्हणून हळू बोलायची सवय मी त्यांना लावली होती. त्यामुळे शाळेत माझ्या वर्गाच्या शिस्तीचं मोठं नाव झालं होतं.

बाकीचे तिघं मात्र खरे शिक्षक, याबद्दल मला शंका नव्हती. चौथीच्या दाराआडून शेवाळे गुरुजींचा आवाज गडगडायचा. चोपन्न वर्षांचा माणूस, पण गणित सांगायला लागला की पत्रे थरथरायचे. पहिलीच्या दाराआडून नलावडे बाईंची गाणी यायची, आणि मागोमाग चाळीस पोरांचा एका सुरातला आवाज. दुसरीच्या दाराआडून फक्त खडूचा आवाज यायचा. तिथं मुल्ला सर असायचे. त्यांचं अक्षर इतकं सुरेख होतं की गावातली माणसं लग्नपत्रिकेचा मजकूर त्यांच्याकडून लिहून घेऊन छापखान्यात न्यायची, आणि छापून आलेली पत्रिका त्यापुढे फिकी वाटायची. या तिघांच्या मध्ये मी म्हणजे जेवणातला खडा होतो. त्यांना माझं बिंग कळण्याआधी आपण निघून जावं, एवढीच माझी इच्छा होती.

तशी तजवीज मी केलीही होती. जूनमध्येच मी आधीच्या मुख्याध्यापकांकडे, जगताप गुरुजींकडे, अर्ज दिला होता की मला वर्गावरून काढून पंचायत समितीत कारकुनी कामावर घ्यावं. कारण लिहिलं होतं, आईची प्रकृती. माझी आई तेव्हा डोक्यावर दोन आणि कमरेवर एक अशा तीन घागरी घेऊन चढ चढत होती. जगताप गुरुजी "पाठवतो" म्हणाले आणि जुलैअखेर निवृत्त होऊन गेले. तेव्हापासून मी पोस्टमनची वाट बघत होतो. हुकूम आला की सुटलो.

आणि त्याच्या आधी दार गेलं.

पहिल्या दिवशी नलावडे बाईंनी घरून जुनं लुगडं आणून पहिलीच्या भोकाला पडदा केला. दुपारच्या सुट्टीत शेळीनं त्याचा एक काठ खाल्ला. सोनटक्के बाईंनी तो पडदा स्वतः घडी घालून त्यांच्या हातात दिला. पडदा दवाखान्याला लागतो, शाळेला कशाला, एवढंच म्हणाल्या. मुल्ला सरांनी फळा दारापासून लांबच्या कोपऱ्यात नेऊन ठेवला. शेवाळे गुरुजींनी आवाज जरा खाली आणला, म्हणजे शेजारच्या वस्तीपर्यंत जायचा तो देवळापर्यंत जायला लागला. मी तर कुजबुजायलाच लागलो. मी कुजबुजतोय म्हटल्यावर पोरंही कुजबुजायला लागली.

चौथ्या की पाचव्या दिवशी भागाकाराचा धडा पुढ्यात आला. सोनटक्के बाई व्हरांड्यातून येरझाऱ्या घालायच्या, त्यामुळे गप्पा मारून तो टाळायची सोय उरली नव्हती. मी फळ्यावर बेचाळीस भागिले तीन असं लिहिलं. चारात तीन एकदा गेले, उरला एक. तिथं माझा खडू थांबला. दोन खाली उतरवायचा होता, आणि समोर वैजू खरात बसली होती. वैजू म्हणजे वर्गातली सगळ्यात प्रश्नाळू पोरगी. मी कुजबुजत म्हणालो, आता सगळ्यांनी तीनचा पाढा लिहा. वर्गात सुई पडली तरी ऐकू येईल अशी शांतता झाली.

तेवढ्यात भोकात शेवाळे गुरुजी येऊन उभे राहिले. "माळवदे, काय झालंय? कुणी गेलं का?"

मी म्हणालो, कुणी नाही. त्यांनी वर्गाकडे बघितलं, मग फळ्याकडे बघितलं. अर्धवट भागाकार, खाली एक, आणि पुढे काही नाही. मग माझ्याकडे बघितलं. मी खडू उगाच या हातातून त्या हातात घेतला. गुरुजींनी मिशीवरून बोट फिरवलं आणि निघून गेले. त्या दिवशी मी डबा उघडलाच नाही. आता ही गोष्ट चौथीत जाणार, तिथून पहिलीत, मग बाईंच्या खोलीत, आणि संध्याकाळी पारावर.

दुसऱ्या दिवशी प्रार्थना झाली, वर्ग बसले, आणि चौथीतून गुरुजींचा आवाज उठला. पूर्वीसारखा, पत्रे थरथरवणारा.

"आज भागाकार. अगदी पहिल्यापासून."

चौथीला भागाकार पहिल्यापासून कशाला, असं माझ्या मनात आलं. त्यांची पोरंही तेच म्हणाली असावीत, कारण गुरुजी गरजले, "मुकाट्यानं ऐका. मागच्यांना ऐकू गेलं पाहिजे." चौथीचा वर्ग सतरा पोरांचा होता. त्यात मागचे असे कुणी नव्हतेच.

मग ते सांगायला लागले. दहा पेंढ्यांचा एक भारा धरा. एका शेतकऱ्याकडं कडब्याचे चार भारे आणि वर दोन सुट्या पेंढ्या. भाऊ तिघं, वाटणी सारखी. भारे आधी वाटायचे, कारण कुणी शहाणा माणूस भारे ठेवून पेंढ्या वाटत बसत नाही. प्रत्येकाला एकेक भारा गेला. एक भारा उरला. आता तो तिघांना कसा द्यायचा?

"दोरी सोडायची!" चौथीची पोरं ओरडली.

"सोडली. दहा पेंढ्या झाल्या. आणि त्या कोपऱ्यात दोन सुट्या पडल्यात, त्या कुठं जाणार? सुट्यांत सुट्या. बारा झाल्या. आता वाटा."

मी फळ्याला पाठ टेकवून उभा होतो. माझ्या वर्गातली सगळी पोरं मान वळवून भिंतीकडे बघत होती आणि वैजूची बोटं हवेत पेंढ्या वाटत होती. तीन खाली उतरत नाही, सुटा सुट्यांत मिसळतो. एवढंच होतं. तीन वर्षं मी या एवढ्याशा गोष्टीला भिऊन दार लावून बसलो होतो. मला हसू आलं आणि डोळ्यांत पाणीही आलं, आणि दार नसल्यामुळे दोन्ही लपवता आलं नाही.

गुरुजींनी मला त्याबद्दल कधी एक शब्द विचारला नाही. मीही त्यांना काही बोललो नाही. दुसऱ्या दिवशी मी घरून येताना सायकलला कडब्याच्या काड्या बांधून आणल्या, एक काडी म्हणजे एक पेंढी असं धरलं, आणि मधल्या सुट्टीनंतर वर्गात भारे बांधले. बेचाळीस झाले, मग सत्तावन्न, मग एक्क्याऐंशी. उठून, हातानं वाटून, मग फळ्यावर. मोठ्यानं. वैजूनं प्रश्न विचारलाच, पण तो भलताच होता.

"गुर्जी, सोडल्याल्या भाऱ्याची दोरी कुणी घ्यायची?"

मला याचंही उत्तर येत नव्हतं. पण आता भीती वाटली नाही. मी वर्गालाच विचारलं, काय रे, कुणी घ्यायची? त्यावर पंधरा मिनिटं अशी रणधुमाळी माजली की काही विचारू नका. थोरल्यानं घ्यावी, धाकट्यानं घ्यावी, दोरीचेही तीन तुकडे करावे, तुकडे केले तर ती दोरी राहते का? शेवटी वैजूनंच निकाल दिला, की ज्याची म्हैस दावं तोडती त्यानं घ्यावी. सगळ्यांना ते पटलं. मी वर बघितलं तर दाराच्या भोकात मुल्ला सर खडू हातात धरून उभे होते.

शाळा सुटल्यावर ते माझ्या सायकलजवळ आले. मुल्ला सर स्वतःहून बोलायला आले ही तीन वर्षांतली पहिली वेळ होती. "माळवदे सर, तुम्ही पोरांना बोलतं कसं करता?"

मी म्हणालो, कसलं बोलतं, मला उत्तर येत नसतं म्हणून मी त्यांनाच विचारतो. मला ती माझी लाजेची गोष्ट वाटायची. मुल्ला सरांनी खिशातून छोटी वही काढली आणि माझं ते वाक्य त्यांच्या सुरेख अक्षरात लिहून घेतलं. मग खाली मान घालून म्हणाले, की त्यांना वर्गासमोर चार वाक्यं सलग बोलता येत नाहीत, जीभ जड होते, म्हणून ते सगळं फळ्यावर लिहितात. पोरं मोत्यासारखं उतरवून घेतात, पण काय उतरवलं ते एकालाही सांगता येत नाही. बारा वर्षं असंच चाललंय. तो खडूचा आवाज मी तीन वर्षं केवढ्या आदरानं ऐकला होता.

त्या दिवशी घरी जाताना मी रस्ता मोकळा असूनही सायकलची घंटी वाजवत गेलो.

मग एकेक उघडं पडायला लागलं. शेवाळे गुरुजींना कविता शिकवता येत नव्हती. फुलपाखराची कविता ते जप्तीची नोटीस वाचावी तशी वाचायचे, आणि हे आता चारही वर्गांना ऐकू जात होतं. एका गुरुवारी नलावडे बाईंनी पहिलीतून त्याच कवितेला चाल लावून नुसती एक ओळ म्हटली. चौथीनं ती उचलली. गुरुजी थबकले, मग सगळा वर्ग घेऊन पहिलीच्या दारात जाऊन बसले, आणि स्वतः मांडी घालून पोरांच्या रांगेत म्हणायला लागले. सूर भयंकर होता, पण पोरांना त्याचंच जास्त कौतुक वाटलं.

नलावडे बाईंचं म्हणाल, तर त्यांची पोरं सगळं पुस्तक घडाघडा म्हणायची. मुल्ला सर एकदा जाता जाता थांबले, आणि अख्खा धडा म्हणून दाखवणाऱ्या एका पोराच्या हातातलं पुस्तक त्यांनी न बोलता सुलटं केलं. बाई रडवेल्या झाल्या. पोरांना पाठ करून घेता येतं, पण वाचायला शिकवता येत नाही, हे त्या पहिल्यांदाच मोठ्यानं बोलल्या. दुसऱ्या दिवशी मुल्ला सरांनी जुन्या वह्यांच्या पुठ्ठ्यावर वीत वीत उंचीची अक्षरं काढून आणली, आणि बाईंनी त्यांतल्या एकेकाला चाल लावली. दिवाळीपर्यंत पहिलीची पोरं दुकानाच्या पाट्या वाचत गावभर हिंडायला लागली. किराणा दुकानदारानं तक्रार केली, की त्याच्या पाटीवर 'गोडे तेल' चुकीचं लिहिलंय म्हणून पोरं उभी राहून हसतात.

गावाच्याही कानावर आमचं जायला लागलं. डेअरीला दूध घालून परतणारी माणसं शाळेच्या भिंतीला टेकून विडी ओढत बसायची. गुरुजींनी गणित घातलं की बाहेरून उत्तर यायचं, बहुतेक वेळा चुकीचं, आणि आतली पोरं ते दुरुस्त करायची. ज्या घरांतली पोरं गुरांमागे जायची त्यांतली पाच-सहा पोरं कुणी न बोलावता वर्गात येऊन बसली. आम्हाला मधल्या सुट्टीत डबा खायचा विसर पडायला लागला, कारण उद्या कुणी कुणाच्या वर्गात काय घ्यायचं हे ठरवायचं असायचं. सोनटक्के बाई या सगळ्यात कुठे नव्हत्या. त्या आपल्या येरझाऱ्या घालायच्या, कधी मुल्ला सरांच्या वर्गात मागे बसून एखादा प्रश्न विचारायच्या, म्हणजे सरांना बोलावंच लागायचं.

मला मात्र एक गोष्ट कुरतडत होती. पोस्टमन दिसला की पूर्वी मी पुढे व्हायचो, आता आडोशाला जायचो. हुकूम आज येईल, उद्या येईल, आणि मला हे सगळं सोडून कुठल्यातरी टेबलाशी बसावं लागेल. माझ्याच हातानं लिहिलेला कागद कुठल्याशा कपाटात पडलाय आणि तो केव्हाही माझी मानगूट धरणार. भाग गेला की पोरांच्या तोंडावर जे काही उमटतं ते बघायला मला तिथंच राहायचं होतं. इतकं काही मला त्याआधी कधी हवंसं वाटलं नव्हतं.

डिसेंबरच्या एका सकाळी ज्ञानूची गाडी शाळेपुढं उभी राहिली. चारही दारं तयार, नव्या फळ्या, वर तेलाचा हात.

सोनटक्के बाई बाहेर आल्या. "बसवायची ना?" त्यांनी आम्हाला विचारलं. पहिल्यांदाच विचारलं.

थंडी होती, पोरं शाली गुंडाळून बसत होती, बसवू नका म्हणायला तोंड नव्हतं. शेवाळे गुरुजी गाडीजवळ गेले, चौथीच्या दारावरून हात फिरवला आणि म्हणाले, रंधा नीट लागलेला नाही. मुल्ला सर म्हणाले, कडी ढिली वाटते. नलावडे बाईंना पहिलीचं दार जरा आखूड वाटलं. ज्ञानूचा पारा चढला.

"गुर्जी, तीस वर्सं दारं करतोय. ह्यात खोट काडून दावा."

मी म्हणालो, "खोट नाही ज्ञानूकाका, पण लाकूड अजून ओलं वाटतंय. वाळू दे की जरा. आठ दिवस."

आठ दिवस म्हटल्यावर ज्ञानूला पुढे बोलता येईना. दारं मागच्या खोलीत भिंतीला टेकवून ठेवली गेली.

त्याच दुपारी मी ठरवलं, आता पुरे, अर्ज मागे घ्यायचा. कुठे अडकलाय ते बाईंना विचारायचं आणि मला जायचं नाही असं सरळ सांगायचं. ऑफिसपाशी गेलो तर बाकावर नलावडे बाई पर्स मांडीवर घेऊन बसलेल्या. रजेचं विचारायचंय, म्हणाल्या. मागून मुल्ला सर आले, त्यांना खडू हवे होते. मीही खडूच म्हणालो. तेवढ्यात शेवाळे गुरुजी आले आणि आम्हाला बघून दचकले. तुम्ही सगळे इथं कशाला, वर्ग मोकाट सोडलेत, असं ते म्हणत होते, तोच आतून बाईंचा आवाज आला, सगळेच आत या.

बाईंनी टेबलाचा खण ओढला आणि चार घडी केलेले कागद पुढ्यात ठेवले. "आपापला उचला," त्या म्हणाल्या.

माझा मी लांबूनच ओळखला. पण माझ्याआधी मुल्ला सरांचा हात पुढे झाला, मग नलावडे बाईंचा. शेवाळे गुरुजी खुर्चीत बसले.

"जगताप गुरुजींनी मला चार्ज देताना हा खण दाखवला," बाई म्हणाल्या. "म्हणाले, चौघांनाही जायचंय. वर पाठवले तर शाळाच बंद पडेल, म्हणून मी ठेवून दिले. आता तुमचं तुम्ही बघा, असं मला सांगून ते गेले."

गुरुजींनी नलावडे बाईंकडे बघितलं. "बाई, तुम्हीसुद्धा?"

"मला वाटायचं तुम्हा तिघांना येतं," नलावडे बाई म्हणाल्या. "मलाच येत नाही."

हे वाक्य त्यांनी म्हटलं, पण आम्हा चौघांपैकी कुणीही म्हणू शकलं असतं. मी भिंतीपलीकडे तिघांना ऐकत होतो, आणि तेही भिंतीपलीकडे मला ऐकत होते, माझ्या त्या शांत, शिस्तीच्या वर्गाला. मग मुल्ला सरांनी शेवाळे गुरुजींच्या कागदावरचं कारण वाचलं, गुडघेदुखीमुळे मुदतपूर्व निवृत्ती. गुरुजी रोज तीन मैल चालत यायचे. नलावडे बाईंनी पतीची बदली असं लिहिलं होतं. त्यांच्या पतीची गावात पिठाची गिरणी होती, आणि गिरणीची बदली कुठे होते ते कुणालाच माहीत नव्हतं. माझ्या आईची प्रकृती निघाली तेव्हा हसून हसून गुरुजींच्या डोळ्यांतून पाणी आलं. मुल्ला सरांचं कारण तेवढं खरं होतं, अक्षर चांगले असल्याने कार्यालयात उपयोग होईल.

चौघांनी अर्ज फाडले. बाई आमचं हसू ओसरेपर्यंत थांबल्या. मग त्यांनी आपल्या पिशवीतून आणखी एक कागद काढला.

"ते चार वाचले त्याच दिवशी मी पाचवा लिहिला," त्या म्हणाल्या. "मला शाळा चालवता येत नाही, तरी मुख्याध्यापक पदातून मुक्त करावे. तुमच्यासारखं दुसरं कारण मला सुचलं नाही. दुसऱ्या दिवशी पाठवणार होते. म्हटलं, निदान वर्ग तरी बघून घेऊ. तर चारी दारं बंद. मग व्हरांड्यात उभी राहून ऐकलं. एका दाराआड गाणं चाललं होतं, एका दाराआड गणित, एका ठिकाणी नुसता खडू." त्या माझ्याकडे वळल्या. "आणि तुमच्या वर्गात पोरं हळू आवाजात हसत होती. मला वाटलं, हे चौघांनी एकमेकांचं ऐकलं तर बरं होईल. दुसरं काही मला येत नव्हतं."

कागद त्यांनी टेबलावर ठेवला. "हा चार महिने पिशवीत आहे. आज तुम्ही दारं बसवू दिली नाहीत, तेव्हापासून मला कळेना याचं काय करायचं. वर पाठवायचा तर त्यावर कुणाचा तरी शेरा लागतो. माझ्या वर इथं कुणी नाही."

त्यांचा आवाज नेहमीसारखाच मऊ होता, पण हातानं टेबलाची कड घट्ट धरलेली होती. त्यांना खरंच माहीत नव्हतं. आम्ही काय झालो होतो ते सगळ्या गावाला दिसत होतं, आणि ज्यांनी ते केलं त्यांना ते आपलं वाटत नव्हतं.

शेवाळे गुरुजींनी मिशीवरून बोट फिरवलं. "मुल्ला, पेन घ्या. लिहा."

मुल्ला सरांनी बाईंचा अर्ज पुढे ओढला आणि समासात, लग्नपत्रिकेच्या त्या अक्षरात, गुरुजी सांगतील तसं लिहिलं:

'अर्जदारास शाळा चालवता येत नाही, हे कारण आम्ही चौघांनी चार महिने प्रत्यक्ष पाहून तपासले. खोटे आढळले. अर्ज नामंजूर.'

खाली चौघांनी ज्येष्ठतेप्रमाणे सह्या केल्या. शेवटची माझी.

बाईंनी कागद हातात घेतला. वाचला. चष्मा काढून पदरानं पुसला आणि पुन्हा वाचला.

"शेवाळे गुरुजी," त्या म्हणाल्या, "तारीख घालायची राहिली."